बिनसाखरेचं गोड बिघडतं कुठे? श्रीखंडाची कचकच, बसका केक आणि कडवट खीर

लक्षणं आधी सांगते. यातलं एक जरी तुमच्याकडे होत असेल तर पुढचं वाचा.

– श्रीखंड केलं त्या रात्री लोण्यासारखं मऊ, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलं की दाताखाली कचकच.
– केक पाऊण तास भट्टीत राहूनही पांढराफटक. फुगला नाही, आणि संध्याकाळपर्यंत घशात अडकेल इतका कोरडा.
– खीर पहिल्या घोटाला गोड, मग जिभेच्या मागच्या बाजूला कडू, आणि तो कडवटपणा चहा प्यायल्यावरही जात नाही.
– खीर चुलीवर चाखली तेव्हा गोड, पानात वाढली तेव्हा फिकी.
– शिरा मोकळा न होता गोळा होऊन बसतो.
– बिस्किट खाल्लं की पुदिना खाल्ल्यासारखं गार लागतं.
– दोन वड्या जास्त खाल्ल्या आणि रात्रभर पोटात गुडगुड.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शुगर निघाली त्याला अकरा वर्षं झाली. सकाळी पोहे-जलेबी खाऊन दिवस सुरू करणाऱ्या या गावात गोडाशिवाय राहणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे आमच्या घरी प्रयोग सुरू झाले, मग शेजारणींकडे गेले, आणि आता गणपती-दिवाळीच्या आठवड्यात मला दिवसाला चार तरी फोन येतात. सगळ्यांचं सुरुवातीचं वाक्य एकच: "अहो, पुन्हा तेच झालं." खाली दिलेला क्रम मी फोनवर विचारते तोच आहे. आधी फुकटातल्या तपासण्या, मग कमी खर्चाच्या, शेवटी कटकटीच्या. मधली एखादी गाळून पुढे जाऊ नका. दहातल्या सहा फोनांचं उत्तर पहिल्या दोन तपासण्यांतच मिळतं.

१. डबा उलटा करा

"मी शुगर फ्री घातली" या वाक्यातून काहीच कळत नाही. त्या नावाखाली बाजारात निदान सहा वेगवेगळे पदार्थ विकले जातात, आणि प्रत्येकाची खोड वेगळी. डब्याच्या मागे बारीक अक्षरात आकडा असतो. दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हियाचा अर्क, ९६५ माल्टिटॉल, ९६८ एरिथ्रिटॉल. पुष्कळ डब्यांत दोन असतात. मिश्रणात बहुतेक वजन एरिथ्रिटॉलचं आणि नावापुरता स्टीव्हिया, असं सर्रास दिसतं. समोर मोठ्ठं हिरवं पान छापलेलं असतं ते त्या नावापुरत्याचं.

हे का पाहायचं? कचकच आणि गारवा ही ९६८ची कामं. कडवटपणा बहुतेक वेळा ९६०चा, धातूसारखी चव ९५४ची. चुलीवर गोडी उडून जाणं हे ९५१चं. पोट बिघडवण्यात ९६५ सगळ्यांच्या पुढे. आकडा कळला की निम्मं निदान झालं.

त्याच ओळीत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोज लिहिलंय का तेही बघा. चमच्याने मोजता यावं म्हणून पूड फुगवायला ते घालतात. चहाच्या चमच्यापुरतं ठीक आहे, पण केकमध्ये वाटीभर पूड गेली तर वाटीभर पिठूळ पदार्थही गेला, आणि माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं.

आणि एक. गूळ, मध, खजूर, नारळाची साखर ही सगळी साखरेचीच भावंडं. मारोठिया बाजारातून आणलेली धाग्याची खडीसाखर तर नुसती मोठी झालेली साखर. "पण ती थंड असते" असं सांगणाऱ्या एका काकूंशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

२. चमच्याने मोजलंत की वजनाने?

सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. म्हणजे किलोभर साखरेची गोडी पावणेदोन ग्रॅमच्या आसपास येते. नखावर मावेल एवढी. एरिथ्रिटॉल उलट, साखरेच्या ६० ते ७० टक्केच गोड. मग "साखरेऐवजी तेवढंच घाला" हे दोघांनाही कसं लागू पडेल? त्यातही काही पुड्या चमच्यास चमचा घालायच्या असतात, काहींचा एक चमचा दहा चमच्यांच्या बरोबरीचा. डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं, पण आपण ते वाचत नाही.

स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. काही शे रुपयांत येतो आणि या सगळ्या यादीत सर्वात जास्त उपयोगी पडतो.

कडवटपणाची तक्रार इथेच मिटते. स्टीव्हिया आणि सुक्रालोजची गोडी जिभेवर उशिरा येते आणि उशिरापर्यंत रेंगाळते. आपण चाखतो, वाटतं कमी आहे, अजून घालतो. चाखल्यावर मिनिटभर थांबा, मग ठरवा. कडू झालीच असेल तर खिरीत चिमटीभर मीठ घाला. मिठाने कडवटपणा दबतो. नाहीच दबला तर बिनगोडाचं आटवलेलं दूध घालून खीर वाढवा. वेलदोडा दुप्पट घालून कडवटपणा झाकायला गेलात तर कडू आणि उग्र अशी दोन दुखणी होतात.

या सुक्रालोजची जन्मकथा आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकायला हवी. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक साखरेवर क्लोरीनची प्रक्रिया करून बनवलेल्या पदार्थांवर काम करत होते. वरिष्ठांनी एक पूड 'टेस्ट' करायला सांगितली, म्हणजे तपासायला. यांनी ऐकलं 'टेस्ट', म्हणजे चाखायला, आणि जिभेवर ठेवली. आपल्या देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, त्यामुळे मला तर ही चूक फार आपलीशी वाटते. तुम्ही मात्र प्रयोगशाळेत असं काही करू नका.

३. केव्हा घातलंत?

देवासहून जाऊबाईंचा फोन. "खीर गोडच होत नाही गं, चार-चार चमचे घालून बघितलं." डब्याचा फोटो मागवला, तर ९५१. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेत मोडतं, आणि मोडलं की गोडी गेली. त्या तांदळाबरोबरच ते अर्धा तास उकळत होत्या. खीर उतरवून, कोमट झाल्यावर घाला म्हटलं, आणि दोन चमच्यांत काम झालं. अ‍ॅस्पार्टेम भट्टीत तर घालूच नका. सुक्रालोज, स्टीव्हिया, एरिथ्रिटॉल घरगुती स्वयंपाकाची आच सोसतात.

शिऱ्याचंही इथेच उरकते. नेहमीच्या शिऱ्यात साखर शेवटी विरघळते, तिचा पाक होतो आणि रवा सैल पडतो. सुक्रालोजचा पाक व्हायचा कशाचा? वाटीभर रव्याला नेहमीपेक्षा पाव ते अर्धी वाटी दूध जास्त घाला, झालं.

४. कचकच: इथे थोडं थांबू

आमच्याकडचा पहिला प्रसंग पाडव्याचा. आदल्या रात्री चक्का, एरिथ्रिटॉल, केशर, सगळं घोटून ठेवलेलं. चव घेतली होती, छान होतं. दुपारी पानात वाढलं. अण्णांनी पुरीवर घेऊन घास तोंडात घातला, दोनदा चावला, तिसऱ्यांदा चावायचे थांबले आणि शांतपणे विचारलं, "चक्का अंगणात टांगला होता का गं?" वाटीतलं श्रीखंड मी चमच्याच्या मागच्या बाजूने ताटलीत पसरवून उजेडात धरलं. खिडकीच्या उन्हात त्यात बारीक, लांबट, काचेसारखे कण चमकत होते. रात्री ते नव्हते.

आधी हे कण कशाचे ते ठरवा, कारण श्रीखंडात कण दोन प्रकारचे असतात. चमचाभर श्रीखंड कपभर गरम पाण्यात ढवळा. कण नाहीसे झाले तर ते गोडीचे. पांढरे कण तसेच तरंगत राहिले तर ते चक्क्याचेच. चक्का फार कोरडा झाला होता किंवा तुम्ही पुरणयंत्रातून काढला नव्हता. मग सगळा दोष बिचाऱ्या एरिथ्रिटॉलवर ढकलू नका.

गोडीचे असतील तर कारण सरळ आहे. साधारण तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर २०० ग्रॅमच्या आसपास विरघळते. एरिथ्रिटॉल विरघळतं साठेक ग्रॅम, आणि गार झालं की त्याहून बरंच कमी. रात्री घोटताना विरघळलेलं फ्रिजमध्ये बाहेर पडतं आणि त्याचे खडे बनतात. डिसेंबरात आपल्याकडची रात्र एवढी गार असते की फ्रिजचीही गरज नाही, ओट्यावर ठेवलेल्या पेढ्यांतही हे होतं. गारवा लागतो तोही याच खड्यांमुळे. खडा तोंडात विरघळताना उष्णता शोषून घेतो, जिभेला ते पुदिन्यासारखं वाटतं. आधीच विरघळलेलं असेल तर गार लागत नाही. म्हणजे कचकच आणि गारवा ही दोन दुखणी नाहीत, एका चोराच्या दोन चोऱ्या आहेत.

फोनवर सगळ्याजणी सांगतात, "मिक्सरमधून पिठी करून घातलं होतं." त्याने त्या दिवसापुरता फरक पडतो. दुसऱ्या दिवशी पिठीचे न विरघळलेले कणच नव्या खड्यांचं बी होतात. खरा उपाय दोन भागांत आहे.

एक, प्रमाण कमी करा. अर्धा किलो चक्क्याला ८० ग्रॅमच्या वर एरिथ्रिटॉल मी घालत नाही. एवढ्याने श्रीखंड फिकं राहणार हे उघड आहे, उरलेली गोडी सुक्रालोज किंवा स्टीव्हियाच्या थेंबांनी भरून काढते. दोन गोडव्यांचं मिश्रण चवीलाही बरं लागतं, कारण कुणा एकाची खोड वर येत नाही.

दोन, पूड कोरडी घालू नका. अर्धी वाटी दूध केशर घालून गरम करा, त्यात एरिथ्रिटॉल पूर्ण विरघळवा, चमचा तळाला फिरवून खरखर लागत नाही ना बघा. मग पूर्ण गार व्हायची वाट न पाहता, कोमट असतानाच चक्क्यात घोटा. गार होऊ दिलंत तर भांड्यातच खडे धरतील आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने श्रीखंडात मिसळाल. चक्का आंबट नको. साखर भरपूर आंबटपणा झाकते, हे नाही झाकत.

पाहुणे यायचे असतील तर आदल्या दिवशी चमचाभर नमुना करून वाटीत घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बोटांत चोळून बघा. अण्णांचा तो प्रश्न पुन्हा ऐकायचा नसेल तर एवढं कराच.

५. केक

केकमध्ये साखर गोडीपेक्षा इतर कामंच जास्त करते. लोण्याबरोबर फेसताना तिचे दाणे हवा कोंडतात. ती पाणी धरून ठेवते म्हणून केक चार दिवस ओलसर राहतो. मैद्याची चिकट जाळी फार घट्ट होऊ देत नाही. पिठाला आणि अंड्याला भट्टीत लवकर घट्ट होण्यापासून थोपवते, म्हणजे फुगायला वेळ मिळतो. आणि वरचा बदामी रंग तिच्यामुळे येतो. सुक्रालोजचे चार थेंब यातलं काहीही करत नाहीत. एरिथ्रिटॉल वजन भरून काढतं, पण रंग देत नाही.

तेव्हा पहिली सवय मोडायची ती रंगाकडे बघण्याची. केक पांढरा आहे म्हणून आणखी पंधरा मिनिटं ठेवला की तो वाळलाच. मधोमध काडी घाला. कोरडी निघाली तर झाला, रंग काहीही असो. रंग हवाच असेल तर दोन चमचे दुधाची पावडर घाला, तिच्यातल्या दुधाच्या साखरेने रंग येतो. थोडी साखर गेली हे लक्षात ठेवून.

दुसरं, काढलेलं वजन परत भरा. २०० ग्रॅम साखर काढली तर डब्यात पीठच कमी पडतं आणि केक बसका दिसतो. मी त्या जागी १०० ग्रॅम एरिथ्रिटॉल, ६० ग्रॅम बदामाची पूड आणि तीन मोठे चमचे दही घालते, उरलेली गोडी थेंबांची, आणि सात इंचीऐवजी सहा इंची डबा. गाजराचा कीस पिळून न घेता घातला तर ओलावा आणखी टिकतो. लोणी-साखर फेसण्याच्या कृती सोडून तेल-दही-सोड्याच्या कृती धरा, कारण त्यात फुगवण्याचं काम साखरेकडे नसतंच. ज्यांना शुगर नाही, नुसतं कमी करायचं आहे, त्यांनी निम्मी साखर ठेवावी. बाकी सगळ्या युक्त्यांपेक्षा ती निम्मी साखर जास्त काम करते.

काडी ओली, मध्ये खड्डा आणि कडा करपलेल्या, तर तो दोष गोडीचा नाही, भट्टीचा आहे. आतलं तापमान मोजायचा थर्मामीटर आणून ठेवा. १८०वर लावलेली भट्टी आत २१० किंवा १५० दाखवत असेल तर पुढे काही करू नका, मेकॅनिकला बोलवा. मागचं झाकण उघडून तारा हलवायच्या नाहीत. माझ्या भट्टीचं तेच निघालं, आणि तोवर मी तीन महिने पीठ बदलत बसले होते.

६. आंबवलेलं आणि टिकाऊ

पाव फुगत नसेल तर यीस्टला एरिथ्रिटॉल किंवा सुक्रालोज खाता येत नाही हे आठवा. एक चमचा खरी साखर घाला, नाहीतर नुसता वेळ जास्त द्या, कणकेतलं खाऊन ते हळूहळू उठतं. मुरांब्याला बुरशी धरते कारण मुरांबा टिकवते ती साखर. बिनसाखरेचा मुरांबा हा मुरांबा नसून चटणी समजा. फ्रिजमध्ये, छोट्या बरणीत, आठवड्यात संपवा. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खाऊ नका, बरणीच फेकून द्या.

७. पदार्थच बदला

जलेबी, गुलाबजाम, चिक्की, खोबरापाक. तार येणारा पाक हे साखरेचंच काम. सुक्रालोजच्या पाण्याला तार येत नाही, एरिथ्रिटॉलचा पाक गार होताच परत खडे धरतो. मी तीन दिवाळ्या घालवल्या. माल्टिटॉलच्या वड्या जमतात, आणि मग सगळं घर रात्रभर रांग लावतं. त्यापेक्षा बासुंदी, श्रीखंड, दुधीची खीर, भाजलेल्या खव्याची बर्फी करा, यांत दूध आणि आटवणंच मुख्य असतं. दूध-खव्यातही साखर आहे, म्हणून वाटी छोटी.

इथे थांबा आणि डॉक्टरांना विचारा

घरातल्या कुणाला इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर गोड कमी केल्यावर डोस तोच ठेवायचा का, हे स्वतः ठरवू नका. गोडाचं प्रमाण आणि औषध यांची सांगड डॉक्टरच घालणार. गरोदर बाईने कुठलाही गोडवा रोज घ्यायच्या आधी विचारावं. ज्याला जन्मतः फेनिलकिटोन्युरिया आहे त्याला अ‍ॅस्पार्टेम चालत नाही, डब्यावर तशी सूचना असते. पोट दोन-तीन दिवस बिघडलेलं राहिलं तर "गोडव्यामुळेच असेल" म्हणून घरी बसून राहू नका.

घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल, म्हणजे ९६७, आणूच नका. माणसाला चालतं, कुत्र्याला ते विष आहे, थोडंसंही. खाल्लं असं कळलं तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या.

आणि साखर उतरली तर. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, यंत्रात ७०च्या खाली आकडा. त्या वेळी बिनसाखरेचं सरबत, बिनसाखरेचं श्रीखंड काहीही उपयोगाचं नाही. ते गोड लागेल, साखर चढणार नाही. शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, म्हणजे तीन-साडेतीन लहान चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी आकडा खालीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा.

आमच्याकडे एकदा गडबडीत अण्णांना सुक्रालोजचं लिंबू सरबत दिलं गेलं होतं. दोन्ही डबे पांढरे, दोन्ही एकाच फळीवर. सुदैवाने नातीने चव घेतली आणि म्हणाली, हे तर आजोबांचं. तेव्हापासून ग्लुकोजचा डबा फ्रिजवर वेगळा असतो, त्याला लाल चिकटपट्टी आहे, आणि त्यावर अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: खरी.